होमस्कूलिंगची पद्धत कशी निवडावी? ख्रिस्ती कुटुंबांसाठी

मुलांना घरीच शिकवायचं पक्कं झालं की बहुतेक आईवडील थेट खरेदीला लागतात. ‘ख्रिस्ती अभ्यासक्रम’ असा शिक्का दिसला की जीव भांड्यात पडतो आणि अख्ख्या वर्षाचा संच घरी येतो. पण तो शिक्का पुस्तकात काय आहे तेवढंच सांगतो, ते कसं शिकवायचं हे सांगत नाही. त्याच शिक्क्याखाली पानांमागून पानं भरायला लावणारी वर्कबुकं मिळतात आणि गोष्टी वाचून घेणारे अभ्यासक्रमही मिळतात. संच नंतर घ्या, पद्धत आधी ठरवा.

कारण लिहून काढा

नवरा-बायकोने वेगवेगळ्या कागदांवर लिहावं, एकमेकांचं न बघता: आपण हे का करतोय? विश्वासाचे संस्कार, सततच्या बदल्या, मुलाची वाचनातली अडचण, शाळेतलं वातावरण... जे खरं असेल ते. दोन्ही कागद जुळतातच असं नाही आणि ते आत्ता कळलेलं बरं. मूल वाचनात मागे पडतंय हे मुख्य कारण असेल, तर जाडजूड ग्रंथांवर उभी असलेली पद्धत तुमच्या कामाची नाही, मग ती कितीही देवभीरू का असेना.

कायदा बघा

पद्धतीच्या निवडीत कायद्याचा काय संबंध, असं वाटेल. पण आहे. जर्मनीत मुलांनी शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि धार्मिक कारण सांगून सहसा सूट मिळत नाही. अमेरिकेत सर्व 50 राज्यांत परवानगी आहे, पण कुठे नुसतं कळवायचीही गरज नसते, तर कुठे ठरावीक काळाने चाचणी किंवा मूल्यमापन द्यावं लागतं. मूल्यमापन द्यायचं असेल तर नोंदी ठेवता येतील अशीच पद्धत घ्यावी लागते.

पद्धतींची ओळख करून घ्या

शार्लट मेसन (1842–1923) या इंग्लंडमधल्या शिक्षिका. त्यांच्या पद्धतीत कोरड्या पाठ्यपुस्तकांऐवजी जीव ओतून लिहिलेली पुस्तकं, लहान मुलांसाठी पंधरा-वीस मिनिटांचे पाठ, निसर्गाचं निरीक्षण आणि चांगल्या सवयी यांवर भर असतो. पण हिचा कणा आहे ‘कथन’. उतारा एकदाच वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा. समजा, चांगल्या शोमरोनीचा दाखला वाचला. सात वर्षांचं मूल सांगेल: त्या माणसाला चोरांनी मारलं, मग एकाने जखमांवर तेल ओतलं, आपल्या जनावरावर बसवलं आणि खाणावळवाल्याला दोन नाणी दिली. याजक आणि लेवी गायब! अशा वेळी आपली जीभ वळवळते, पण टोकायचं नाही. दुसऱ्या दिवशी वाचायच्या आधी एवढंच विचारायचं, “त्या रस्त्याने आधी कोण कोण गेलं होतं?” यात प्रश्नपत्रिका नाही आणि रिकाम्या जागा भरणंही नाही. मात्र आईला किंवा बाबाला शेजारी बसून ऐकावं लागतं आणि दोघंही दिवसभर कामावर असतील तर ते जमत नाही.

अभिजात म्हणजे क्लासिकल पद्धतीचा पाया व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या मध्ययुगीन त्रयीत आहे. इंग्रजी लेखिका डोरोथी सेयर्स यांनी 1947 मध्ये ऑक्सफर्डला केलेल्या भाषणात ही त्रयी मुलाच्या वाढीच्या टप्प्यांशी जोडली आणि आजच्या ख्रिस्ती क्लासिकल शिक्षणाने बरंचसं तिथूनच घेतलं. लहानपणी भरपूर पाठांतर: वचनं, पाढे, सनावळ्या, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी. मूल उलट उत्तरं द्यायच्या वयात आलं की तर्क, आणि पुढे स्वतःचं म्हणणं नीट मांडणं. बहुतेक ठिकाणी लॅटिनही असते. पाठांतराची आवड असलेलं मूल यात रमतं. ज्याला हाताने काही केल्याशिवाय कळत नाही, ते कंटाळतं.

अशा मुलासाठी माँटेसरी बघा, म्हणजे हातात घेऊन करायच्या साहित्यातून शिकवणारी पद्धत. मारिया माँटेसरी स्वतः कॅथलिक होत्या. रोममध्ये 1907 साली त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. वेगवेगळ्या वयांची तीन-चार मुलं एकत्र शिकवायची असतील तर युनिट स्टडी सोयीची: एकच विषय, उदाहरणार्थ पौलाचे प्रवास, घ्यायचा आणि त्यातून भूगोल, इतिहास, जहाजं, पत्रलेखन सगळं शिकवायचं. फक्त गणित वेगळं ठेवावं. पाठ्यपुस्तक-वर्कबुक पद्धतीला लोक नाकं मुरडतात, पण घरात आजारपण किंवा तान्हं बाळ असेल तर तीच वर्ष तारून नेते. ‘अनस्कूलिंग’ हा शब्द अमेरिकी शिक्षक-लेखक जॉन होल्ट यांनी रूढ केला. त्यात मुलाचं कुतूहल नेईल तिकडे जायचं. ख्रिस्ती घरांत यावरून शिस्तीचा वाद होतो, तो आधीच बोलून घ्या.

बायबलची जागा ठरवा

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आईबापांना सांगितलं आहे की घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना वचनांविषयी मुलांशी बोला. तिथे वेळापत्रक नाही, त्यामुळे वरची कुठलीही पद्धत त्यात बसते. तरी हे ठरवा: बायबल हा वेगळा तास असेल, की इतिहास-विज्ञानाच्या पुस्तकांतही ते विणलेलं हवं? माझं मत सांगायचं तर सकाळी एकत्र वाचन, एक स्तोत्र आणि प्रार्थना एवढं नियमाने झालं तर भूमितीच्या पानावर वचन नसलं तरी चालतं.

संच विणलेला हवा असेल तर दोन गोष्टी उघडून बघाच. एक, तो कोणत्या मंडळीच्या परंपरेतला आहे. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66. बाळाचा बाप्तिस्मा, संत, मरीया यांबाबतची शिकवण पुस्तकागणिक बदलते. दोन, विज्ञानात पृथ्वीचं वय आणि उत्क्रांती यांवरचा धडा. तुमची भूमिका काहीही असो, वैज्ञानिक काय म्हणतात आणि कशाच्या आधारावर म्हणतात, हे सरळपणे मांडणारं पुस्तक घ्या. नाहीतर कॉलेजात गेल्यावर मुलाला वाटेल की घरच्यांनी लपवलं.

सहा आठवडे करून बघा

वर्षाचा संच मागवण्याआधी नमुन्याचे धडे मिळवा आणि फक्त वाचन, गणित आणि बायबल एवढ्यावर पद्धत चालवा. रोज संध्याकाळी दोन ओळी लिहा: मूल कुठे रडकुंडीला आलं आणि कुठे “अजून एक पान” म्हणालं. आणि शिकवणाऱ्याचं काय झालं, तेही. दुपारपर्यंत आवाज चढत असेल तर पद्धत सोडायच्या आधी पाठ अर्ध्यावर आणा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

पद्धत बदलायचीच वेळ आली तर इतिहास, भाषा, विज्ञान मध्येच बदललं तरी फारसं बिघडत नाही. गणिताचं पुस्तक मात्र वर्षाच्या मध्यात बदलू नका. प्रत्येक प्रकाशकाचा क्रम वेगळा असतो, एकाकडे अपूर्णांक आधी तर दुसऱ्याकडे भागाकार, आणि मधले धडे कायमचे राहून जातात. नवं पुस्तक घेताना आधी त्याची स्तर-चाचणी सोडवून घ्या. वयाने चौथीतलं मूल तिसरीच्या गणितापासून सुरू झालं तर बिनधास्त तिथूनच सुरू करा.