पोतं आधी उलटं करून वाचा: दारातला बर्फ आणि घरातली जनावरं

बर्फ वितळवणारं पोतं दुकानात हातात आलं की ते आधी उलटं करा. पुढच्या बाजूला पंजाचं चित्र आणि ‘पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित’ अशी मोठी अक्षरं असतात. या शब्दांमागे सर्वमान्य असा एकच निकष नाही, आणि त्याच चित्राखाली मीठ मिसळलेला मालही विकला जातो. खरं काय ते मागच्या घटकांच्या यादीत कळतं. तिथे नावंच नसतील तर पोतं परत फळीवर ठेवा.

सोडियम क्लोराइड म्हणजे आपलं जाडं मीठ. जमिनीचं तापमान उणे 9 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ते हात टेकतं. मॅग्नेशियम क्लोराइड साधारण उणे 15 पर्यंत चालतं आणि कॅल्शियम क्लोराइड उणे 25 च्या आसपासपर्यंत. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना उष्णता सोडतं. त्यामुळे ते झपाट्याने काम करतं, आणि त्यामुळेच ओल्या पंजाच्या बोटांमध्ये अडकलेला त्याचा दाणा कातडी भाजतो. युरिया पंजांना बराच सौम्य असतो, पण उणे 4 च्या खाली त्याचा फारसा उपयोग नाही. शिवाय ते खतच असल्यामुळे जास्त पडलं तर कडेचं गवत करपतं. कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेटमध्ये क्लोराइड नसतं; ते धातूला आणि झाडांना कमी त्रास देतं आणि उणे 7 पर्यंत चालतं. ते महाग आहे, मिठापेक्षा जास्त लागतं आणि सावकाश काम करतं. तरीही घरात कुत्रा-मांजर असेल आणि थंडी फार कडक नसेल, तर आमचं मत यालाच. इथिलीन ग्लायकॉल असलेला द्रव मात्र दारातही नको. तो चवीला गोड असतो, जनावरं चाटतात, आणि थोडासा पोटात गेला तरी मूत्रपिंडं निकामी होतात.

पोत्यावर ‘उणे 21 पर्यंत परिणामकारक’ असं छापलेलं दिसेल. मिठाच्या बाबतीत हा आकडा खोटा नाही, पण तो प्रयोगशाळेतला आहे: बरोबर 23 टक्क्यांच्या द्रावणाचा गोठणबिंदू. दारात तेवढ्या थंडीत मीठ नुसतं पडून राहतं, मग माणूस आणखी मूठभर टाकतो, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. म्हणून तापमान मोजायची सोय करून ठेवा, तेही हवेचं नाही, जमिनीचं. लांबून रोखून मोजायचा इन्फ्रारेड थर्मामीटर यासाठी पुरतो. सावलीतला कोपरा आणि उन्हातला उतार यांत बराच फरक निघतो.

जमीन कशाची आहे तेही बघून घ्या. काँक्रीट ओतून वर्षही झालं नसेल तर त्या हिवाळ्यात कुठलंच रसायन नको. तिथे फक्त वाळू. मुरलेलं पाणी गोठताना फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि वरचा थर पापुद्र्यांसारखा सुटतो. रसायनामुळे हे चक्र जास्त वेळा फिरतं. अमोनियम नायट्रेट किंवा अमोनियम सल्फेट असलेलं काहीही जुन्या काँक्रीटवरसुद्धा टाकू नये. ते सिमेंटच खातं.

आता अवजारं: फावडं, ताठ खराटा, झाकणाची बादली, हातमोजे, आणि एक जुना मग. आधी फावडं, मग रसायन. बर्फाचा जाड थर रसायनाने वितळवायला जाऊ नका. दाण्याचं काम एवढंच, की त्याने बर्फात बारीक भोक पाडत खाली उतरावं, तळाशी खारट पाणी पसरवावं आणि बर्फाची जमिनीवरची पकड सोडवावी. पंधरा-वीस मिनिटं थांबलात की तोच थर फावड्याने पापडासारखा उचलता येतो. मीठ वापरत असाल तर साधारण 350 ग्रॅम, म्हणजे एक मोठा मग, सहा मीटर लांबीच्या ड्राइव्हवेला पुरतं. दोन दाण्यांमध्ये सात-आठ सेंटीमीटर अंतर दिसलं पाहिजे. पायाखाली कुरकुर वाजतंय म्हणजे जास्त झालं. कोरडा दिवस उजाडला की उरलेले दाणे झाडून बादलीत भरा, पुढच्या वेळी चालतात.

फक्त पाय घसरू नये एवढंच हवं असेल तर जाड वाळू किंवा बारीक खडी पुरेशी आहे. ती बर्फ वितळवत नाही, पण कुठल्याही थंडीत पकड देते. मांजराच्या शौचपेटीतली माती मात्र टाकू नका. ओली झाली की तिचा गुळगुळीत चिखल होतो.

दाराच्या आत कोमट पाण्याचं उथळ भांडं आणि जुना टॉवेल कायम ठेवा. कुत्रा बाहेरून आला की चारही पंजे बुडवून धुवा. बोटं हलकेच फाकवून मधले केस बघा, कारण दाणे आणि बर्फाचे गोळे तिथेच अडकतात. मग नीट कोरडं करा. बूट घालू देत असेल तर उत्तम, नाहीतर निघण्याआधी तळव्यांना पंजांसाठीच्या मलमाचा पातळ थर लावा. मांजर अंग चाटून साफ करतं, म्हणून तिचे पंजे पुसायला उशीर नको. वितळलेल्या पाण्याच्या डबक्यातून पिऊ देऊ नका. बाहेर पडण्याआधीच पोटभर स्वच्छ पाणी पाजा.

पोतं उघडं ठेवू नका. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून आधी दगड होतं, मग पाझरायला लागतं. मोठा धोका मात्र फाटक्या पोत्यात तोंड घालणाऱ्या कुत्र्याला. वजनाच्या दर किलोला 2 ते 3 ग्रॅम मीठ पोटात गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. पाच किलोच्या कुत्र्याला त्यासाठी दोन चहाचे चमचेही पुरतात. उलट्या, लाळ, प्रचंड तहान, लटपटणं, झटके ही ती लक्षणं. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्याने पोटात मीठच वाढतं. पोत्यामागच्या यादीचा फोटो आजच फोनमध्ये काढून ठेवा आणि पशुवैद्याचा रात्रीचा नंबरही साठवा. काय आणि साधारण किती खाल्लं, हेच ते पहिल्यांदा विचारतात.