अवरक्त वर्णपटमापक बनवताय? या चुका टाळा

वर्णपटमापक म्हणजे दुर्बिणीतून आलेला प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून मोजणारं उपकरण. दृश्य प्रकाशाची अशी उपकरणं बनवून हात बसलेला माणूस अवरक्तकडे (तांबड्यापलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाकडे) वळला की आराखडा हमखास जुन्याच क्रमाने काढतो: आधी प्रकाशमार्ग, मग सांगाडा, आणि शेवटी ‘थंड कसं करायचं ते बघू’. पुढची बरीचशी डोकेदुखी इथूनच सुरू होते. खोलीच्या तापमानाची वस्तू १० मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक उत्सर्जन करते, पण २ मायक्रॉनच्या जरा पुढे गेलं की तिचा त्रास जाणवू लागतो. के बँडमध्ये (सुमारे २ ते २.४ मायक्रॉन) काम करायचं तर आरसा, घुमट, उपकरणाची पेटी, अगदी एखादा उबदार स्क्रूही प्रकाशस्रोतच. म्हणून उपकरणाचा आतला भाग थंड ठेवावा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी तक्रार म्हणजे डार्क फ्रेम (प्रकाश बंद ठेवून घेतलेली चित्रचौकट) डार्क न येणं. लगेच डिटेक्टरला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपला, दोष देऊ नका. आधी त्याचं तापमान दोन-तीन केल्विनने वर-खाली करून बघा. पार्श्वभूमी त्यासोबत हलली, तर डिटेक्टरचा स्वतःचा अंधारप्रवाह (प्रकाश नसतानाही वाहणारा प्रवाह) तपासा. ती ढिम्म राहते, पण खोलीचा एसी बंद केल्यावर वाढते, तर बाहेरची ऊब आत झिरपतेय. मग वायरी आत येतात ती भोकं आणि फिल्टर चाकाचा दांडा आधी बघा. डिटेक्टरच्या पेटीचे सांधे सरळ ठेवू नका, पायरीचे ठेवा, म्हणजे चोरट्या प्रकाशाला आत शिरण्याआधी काळ्या पृष्ठभागावर दोनदा तरी आदळावं लागेल. एकात एक असलेल्या दोन आवरणांतून वायर नेताना दोन्ही भोकं एका रेषेत नकोत. डार्क व्यवस्थित, पण जे बँडमध्येच (सुमारे १.२५ मायक्रॉन) पार्श्वभूमी जादा? मग फिल्टर लांब तरंगलांबीला गळत असण्याची, म्हणजे नको तो लांब तरंगलांबीचा प्रकाशही आत सोडत असण्याची, शक्यता दाट.

कोल्ड स्टॉपवर कंजुषी करू नका. मुख्य आरशाची प्रतिमा पडते तिथे हा थंड मुखवटा बसतो आणि आरशाभोवतीची उबदार चौकट झाकतो. तो गोल असला की झालं, असं समजू नका. हवाईतल्या १० मीटरच्या केक दुर्बिणीचा आरसा षटकोनी तुकड्यांचा, त्याची कड दातेरी, आणि आकाशाचा पाठलाग करताना ही प्रतिमा उपकरणाच्या दृष्टीने फिरत राहते. म्हणून तिथल्या मॉसफायर या अवरक्त वर्णपटमापकामध्ये मुखवटाही षटकोनी आहे आणि सोबत फिरतो.

‘छोट्या दुर्बिणीवर चाललं, मोठीवर लावू’ हा हिशेबही चुकतो. स्लिटची (प्रकाश आत घेणाऱ्या अरुंद फटीची) आकाशातली कोनीय रुंदी तीच ठेवली, तर विभेदनक्षमता (जवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवण्याची क्षमता) टिकवायला ग्रेटिंगवरचा (प्रकाश पसरवणाऱ्या रेघाळ पृष्ठभागावरचा) झोत दुर्बिणीच्या व्यासाच्या प्रमाणात वाढवावा लागतो. २ मीटरच्या दुर्बिणीवर ५ सेंटिमीटरचा झोत पुरत असेल, तर १० मीटरला २५ हवा. क्रायोस्टॅट (उपकरण थंड ठेवणारी निर्वात पेटी) फुगतो, वजन वाढतं, थंड व्हायला जास्त दिवस लागतात. ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स (वातावरणाने हललेली प्रतिमा सुधारणारी यंत्रणा) घेऊन स्लिट अरुंद करणं किंवा सिलिकॉनचं इमर्शन ग्रेटिंग (ज्यात प्रकाश सिलिकॉनच्या आतूनच ग्रेटिंगवर पडतो) वापरणं, हे निर्णय पहिल्याच बैठकीत व्हायला हवेत.

आता आकुंचन. खोलीच्या तापमानापासून ७७ केल्विनपर्यंत ॲल्युमिनियम मीटरमागे सुमारे ४ मिलिमीटर आखडतं, फ्यूज्ड सिलिका (शुद्ध सिलिकाची काच) जवळजवळ आखडतच नाही. १०० मिलिमीटरचं सिलिकाचं भिंग ॲल्युमिनियमच्या कड्यात चपखल बसवलंत, तर थंडीत ते कडं ०.४ मिलिमीटरने भिंगावर आवळलं जाईल. मोकळी फट ठेवून भिंग स्प्रिंगच्या टेकूंवर धरा. स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियमपेक्षा कमी आखडतात, त्यामुळे टेबलावर घट्ट पिळलेला जोड आत सैल पडतो. बेलव्हिल वॉशर (स्प्रिंगसारखा ताण धरून ठेवणारी वाटीच्या आकाराची चकती) घाला. ‘टेबलावर फोकस नेमका होता, थंड केल्यावर गेला’ अशी वेळ आली, तर गणितात भिंगांच्या काचेचे अपवर्तनांक (काच प्रकाश किती वळवते ते सांगणारे आकडे) खोलीच्या तापमानाचे तर घेतले नाहीत ना, ते आधी बघा. चाकांना साधं ग्रीस नकोच, ते गोठतं. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा कोरडा लेप चालतो.

स्लिटच्या लांबीबद्दल थोडक्यात: वातावरणातल्या ओएच (हायड्रॉक्सिल) रेणूंच्या उजळ रेषा काही मिनिटांतच कमी-जास्त होतात, म्हणून तारा स्लिटवरच दोन जागी आलटून-पालटून ठेवून आकाश वजा करतात. स्लिट इतकी आखूड करू नका की हे जमणारच नाही.

थंड करण्याचा क्रम तपासला जातो, गरम करण्याचा राहून जातो. थंड करताना डिटेक्टर भोवतालच्या भागांपेक्षा उबदार ठेवा, नाहीतर उरलीसुरली वाफ त्याच्यावरच गोठते. गरम करताना धोका वेगळा. चिलीतल्या जेमिनी साउथ दुर्बिणीवरचा जीएनआयआरएस हा अवरक्त वर्णपटमापक, हे उपकरण २००७ मध्ये नेहमीप्रमाणे गरम करताना तापमान-नियंत्रण बिघडल्याने प्रमाणाबाहेर तापलं आणि त्याचं मोठं नुकसान झालं. दुरुस्तीनंतर ते हवाईतल्या जेमिनी नॉर्थवर बसवलं गेलं. तेव्हा हीटरच्या वीजपुरवठ्यात सॉफ्टवेअरवर अजिबात अवलंबून नसलेला यांत्रिक थर्मोस्टॅट टाका, आणि उपकरण डोंगरावर पाठवण्याआधी नियंत्रक मुद्दाम बंद पाडून तो खरंच वीज तोडतो का ते बघा.