माळवदाला खालून छत लावण्याआधी

माळवदातून, म्हणजे लाकडावर माती पसरून केलेल्या सपाट छपरातून, माती झरते, अंथरुणात पडते, म्हणून खालून छत मारायचं ठरतं. छतामुळे माती थांबत नाही, नुसती दिसेनाशी होते. त्यामुळे सामान आणण्याआधी लाकूड बघायचं, तेही उन्हाळ्यातच. तुळया, त्यांवरचे आडवे सर आणि सरांवर अंथरलेल्या किलचा (लाकडी फळकुट्या) झाडून घ्या आणि जाड पेचकस टोचत फिरा. भिंतीत गेलेलं टोक आधी तपासा, ओल तिथंच मुरते. पेचकस सहज आत गेला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर ते लाकूड बदलेपर्यंत छत नको.

मग वर चढा. दरसाल पांढरी माती टाकून थर फूटभर झाला असेल तर जुनी माती आधी उतरवा. दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे पाच टनांच्या आसपास वजन. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदं माणसांवर कोसळली, हे इकडं कुणाला नव्यानं सांगायला नको.

सगळ्यात स्वस्त पडतो मांजरपाटाचा चांदवा, म्हणजे खालून ताणून बांधलेलं जाडंभरडं सुती कापड. फूट-फूट अंतरावर सुतळीनं बांधा, पण वर्षातून दोनदा सोडून झटकायची तयारी ठेवा. नाहीतर मातीनं पोट सुटतं आणि एका रात्री फाटतो. ताडपत्री मात्र नको. गळती तिच्यावर साचते आणि किलचा कुजत राहतात. थर्माकोल उंदीर कुरतडतात, शिवाय आगीला ते आमंत्रणच.

टिकाऊ हवं असेल तर पीव्हीसी पॅनल. दहा बाय बाराला दहा इंच रुंद, दहा फूट लांब असे १५ नग, त्यातला शेवटचा कापून चार इंचांचा बसेल. पॅनल ज्यांवर कसायचं ते बारा फुटी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचे) सेक्शन सहा, दोन-दोन फुटांवर. कडेची पट्टी ४४ फूट, म्हणजे दहा फुटी पाच नग. स्क्रू शंभरावर घ्या. सेक्शन सराला किंवा तुळईलाच कसा. किलचात स्क्रू धरत नाही. सर वाकडेतिकडे असतात, म्हणून पाण्याच्या नळीनं चारी भिंतींवर लेव्हल काढून मगच सुतळीला रंग लावून रेघ मारा. पॅनल दोन्ही टोकांना पाच-पाच मिलिमीटर तोकडं कापा; उन्हाळ्यात ते लांबतं आणि जागा नसली की मध्येच फुगतं.

वायर आधी पाइपातून घ्या. पंख्याचा हूक तुळईलाच. साणं, म्हणजे माळवदातलं उजेड-वाऱ्याचं भोक, झाकू नका, आणि समोरासमोरच्या भिंतींत छताच्या वर जाळी लावलेली भोकं ठेवा, म्हणजे ओल कोंडत नाही. एका कोपऱ्यात दोन बाय दोनचं उघडणारं झाकण हवंच. पहिल्या मोठ्या पावसानंतर तिथून बॅटरी मारून किलचा बघायच्या आणि साचलेली माती घमेल्यात काढायची.