चॅपलमध्ये संदेश देताना या चुका टाळा

सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, चॅपलच्या प्रार्थनासभेत संदेश द्यायची पहिली पाळी लागली की मुलांचं जेवण उडतं. आठ दिवस आधीपासून चेहरा उतरलेला, हातात वही, ओठ सतत हलत असतात. मराठवाड्यातल्या एका लहान बॅप्टिस्ट सेमिनरीत मी बरीच वर्षं उपदेशशास्त्र शिकवतो आहे आणि चॅपलमध्ये तिसऱ्या बाकावर बसून विद्यार्थ्यांचे संदेश ऐकतो आहे. समोर लातूर, बीड, परभणी, नांदेडकडची चाळीसेक मुलंमुली, काही शिक्षक, मेसमधल्या मावशी आणि दाराशी वॉचमनकाका, एवढीच मंडळी. वेळ वीस मिनिटं. या वीस मिनिटांतल्या चुका अगदी ठरलेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच. उभा राहिलेल्याला चॅपल म्हणजे परीक्षेचा हॉल वाटतो. गुण देणारे सर तेवढे दिसतात, वचनाला भुकेलेली माणसं दिसत नाहीत.

वर्गातला निबंध पुलपिटवर नेणं

योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय घ्या. पुनरुत्थानानंतर येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? या भागावर उभा राहिलेला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी पहिली दहा मिनिटं ग्रीकमधल्या ‘अगापाओ’ आणि ‘फिलेओ’ या प्रीती करण्यासाठीच्या दोन क्रियापदांतला फरक समजावण्यात घालवतो. योहान हे दोन शब्द बऱ्याचदा एकाच अर्थाने आलटून पालटून वापरतो, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे ज्या खांबावर अख्खा संदेश उभा केला, तोच कच्चा. शिवाय मावशींना त्यातून काय मिळालं?

त्याच अध्यायात नवव्या वचनात किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटलेला आहे. अशा विस्तवासाठीचा ग्रीक शब्द नव्या करारात फक्त दोनदा येतो. एकदा इथे आणि एकदा योहान १८:१८ मध्ये, जिथे पेत्र प्रमुख याजकाच्या अंगणात शेकत उभा होता आणि त्याने येशूला नाकारलं. आता हे सांगायला ग्रीक उच्चारायची गरजच नाही. “ज्या विस्तवापाशी तो पडला, तसल्याच विस्तवापाशी प्रभूने त्याला परत बोलावलं, आणि आधी जेवू घातलं.” एवढं वाक्य पुरे. रोज पहाटे चूल पेटवणारी बाई ते विसरणार नाही.

अभ्यास करूच नका, असा याचा अर्थ कुणी काढू नये. टीकाग्रंथ वाचा, शब्दकोश उघडा, रात्र जागा. पण विहीर खणणाऱ्याने लोकांना पाणी द्यावं, खणलेली माती दाखवू नये. मी विद्यार्थ्यांना एक साधं काम देतो. संदेश एका वाक्यात लिहा आणि ते वाक्य आदल्या दिवशी मेसमध्ये भाजी निवडणाऱ्या मावशींना सांगा. त्यांनी “म्हंजे?” असं विचारलं, तर वाक्य अजून तयार झालेलं नाही.

एक वचन उचलून पळणं

परीक्षेच्या आठवड्यात फिलिप्पैकरांस ४:१३ हमखास येतं. जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो, म्हणून पेपर सोपे जातील! प्रेषित पौल बेड्यांत असताना फिलिप्पैच्या मंडळीला हे लिहितो आहे, आणि आधीच्याच दोन वचनांत तो म्हणतो की तृप्त असणं आणि भुकेलं असणं, या दोन्हींत राहायला मी शिकलो आहे. उपाशीपोटीही टिकून राहायचं सामर्थ्य, हा तिथला विषय. यिर्मया २९:११ चंही तसंच. “तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत” हे वचन कॅलेंडरवर फार छान दिसतं. पण त्याच्या लगेच आधी, दहाव्या वचनात, बाबेलच्या बंदिवासाची सत्तर वर्षं आहेत. ज्या बंदिवानांनी यिर्मयाचं हे पत्र ऐकलं त्यांतले कितीतरी जण परत मायदेशी न येता तिथेच मरणार होते. हे गिळून टाकून नुसतं गोड वचन वाटणं म्हणजे ऐकणाऱ्याची फसवणूक आहे. मी हा शब्द विचार करून वापरतो आहे.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. निवडलेल्या भागाच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं तीन वेळा मोठ्याने वाचा. मग पेन उचला.

याचीच दुसरी बाजू म्हणजे वचनांचा पाऊस. एका संदेशात सतरा संदर्भ! लोक पानं उलटता उलटता दमतात. आपल्या भागात वारकरी कीर्तनकार एक अभंग घेतो आणि दोन तास त्याच अभंगाभोवती राहतो. श्रोता घरी जाताना तो अभंग गुणगुणत जातो. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन केलं ते उगीच नाही. मराठी माणूस कसा ऐकतो हे त्यांना माहीत होतं. एक शास्त्रभाग घ्या आणि तिथेच मुक्काम करा.

उसनी भाषा

अंबाजोगाईकडचा मुलगा मेसमध्ये बोलतो तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. तोच पुलपिटवर गेला की आवाज बदलतो, घसा जड होतो, आणि यूट्यूबवरच्या कुठल्यातरी इंग्रजी उपदेशाचं मराठी सोंग सुरू होतं. बर्फाच्या वादळात अडकलेला माणूस, समुद्रावरची लाइफबोट, फुटबॉलचा कोच. समोरच्यांपैकी कुणी बर्फ पाहिलेला नाही आणि निम्म्यांनी समुद्रही.

भाषेसाठी आपल्या आधीच्यांनी किती झिजवून घेतलं ते आठवा. बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी बंगालमध्ये श्रीरामपूरला बसून वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी शिकले. १८०५ साली त्यांचं मराठी व्याकरण छापलं गेलं आणि १८११ साली मराठी नवा करार. पुढे पंडिता रमाबाईंनी साध्या बायामाणसांना कळावं म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. त्या १९२२ साली गेल्या, आणि त्यांचं भाषांतर १९२४ साली पूर्ण छापून निघालं. एका माणसाचं आयुष्य ज्या कामात गेलं, ते हातात धरून आपण उसन्या भाषेत बोलावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोन वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याने जुन्या करारातल्या रूथच्या पुस्तकाचा पहिला अध्याय घेतला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. त्याने सुरुवात केली ती अशी: “बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. त्या भाकरीच्या घरातच दुष्काळ पडला आणि एलीमलेख बायकापोरं घेऊन मवाबात गेला. आमच्याकडं दिवाळी झाली की गावातली अर्धी घरं कुलपात असतात.” मग त्याने एलीमलेखच्या बायकोचं, नामीचं, वाक्य वाचलं, मी भरलेली गेले आणि रिकामी परत आले. चॅपलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मुकादम, उचल, कोयता हे शब्द त्याने एकेकदाच उच्चारले आणि परत नामीकडे गेला. शेवटी बवाजाच्या शेताची नुसती चाहूल दिली, की नामीची सून रूथ आता सरवा, म्हणजे कापणीनंतर रानात राहिलेली कणसं, वेचायला निघणार आहे. सोयाबीन निघाल्यावर रानात सरवा वेचलेल्या दोन-तीन मुली तरी समोर होत्या. त्यांना तो शब्द समजावून द्यावा लागला नाही.

तो मुलगा फार हुशार होता असं नाही. त्याने आवाज बदलला नाही, इतकंच.

बोलीत बोला म्हणजे प्रत्येक वाक्यात ‘करायलास’, ‘काहून’ पेरा असंही नव्हे. तेही सोंगच. घरी आजीला समजावताना जी भाषा तोंडात येते ती आणा. आणि दर संदेशात दुष्काळही नको. सारफथच्या विधवेच्या मडक्यातलं पीठ आणि कुपीतलं तेल आपल्याकडे लगेच कळतं हे खरं, पण लग्नघर, बाजार, कापसाची वेचणी, एसटी स्टँड हेही आपलंच आहे. मत्तय २० मधले दिवसभर कामाची वाट बघत उभे राहिलेले मजूर तुम्हाला आपल्या गावच्या मजूर अड्ड्यावर सकाळी आठ वाजता भेटतील. दुपारी कुणालाच काम लागलं नाही तर ते कसे उभे असतात, ते एकदा जाऊन बघा आणि मग त्या दाखल्यावर बोला.

कुणाचं दुःख उदाहरणाला वापरणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी चॅपलमध्ये मी निराशेवर बोलत होतो आणि एका शेतकऱ्याच्या आत्महत्येची गोष्ट सांगितली. फवारणीचं औषध, बांध, झाड, सगळं बारकाईने. ऐकणाऱ्यांच्या मनावर ठसावं म्हणून. तिसऱ्या रांगेतला पहिल्या वर्षाचा एक मुलगा उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, बरं नसेल. नंतर कळलं की त्याचे वडील तसेच गेले होते, आणि ही गोष्ट त्याने सेमिनरीत कुणालाच सांगितलेली नव्हती. मी संध्याकाळी त्याच्या खोलीवर जाऊन माफी मागितली. त्याने माफ केलं. पण तो नंतर कितीतरी महिने चॅपलमध्ये दाराजवळ बसायचा.

तेव्हापासून माझा नियम आहे. मराठवाड्यात कुठल्याही चाळीस माणसांसमोर बोलताना, जे दुःख मी सांगणार आहे ते यांच्यापैकी एकाच्या घरात घडलेलं आहे असं धरून चालायचं. मग ते सांगायचंच असेल तर कमी शब्दांत आणि तपशील टाळून. सांगितल्यावर त्या माणसाला धरायला काहीतरी हातात द्यायचं. नुसता हुंदका काढून पुढच्या मुद्द्यावर जायचं नाही. होस्टेलमधल्या मित्राने खासगीत सांगितलेली गोष्ट तर नाव न घेताही पुलपिटवर नेऊ नका. चाळीस जणांत नाव लपत नाही.

पुलपिटवरून टोमणे मारणं हीही याच जातीची चूक. खोलीतलं भांडण, मेसची तक्रार, शिक्षकावरचा राग हे सगळं ‘प्रभूने मला हे वचन दिलं’ म्हणून बाहेर काढू नका. ज्याच्याशी बोलायचं आहे त्याच्याकडे सरळ जा. मत्तय १८ तेच सांगतं.

पुढे या, पुढे या

संदेश संपला की कीबोर्ड हळू वाजतो आणि विश्वास धरायला पुढे या, असं आवाहन सुरू होतं. कुणी आलं नाही की पुन्हा एकदा. मग सगळ्यांना डोळे मिटायला सांगून तिसऱ्यांदा. आपण बॅप्टिस्ट आहोत. विश्वास ज्याचा त्याने स्वतः धरायचा असतो आणि बाप्तिस्मा त्या कबुलीनंतर, असं आपण मानतो. लहान बाळाला आपण बाप्तिस्मा देत नाही तो याच कारणासाठी. मग मोठ्या माणसाला संगीताच्या आणि लाजेच्या जोरावर ढकलत पुढे आणणं आपल्याच शिकवणीत कुठे बसतं? त्यातून चॅपलमधली मुलं आठवड्याला एकदा पुढे येऊन दमलेली असतात. एकदा, स्पष्ट शब्दांत बोलवा, आणि गप्प बसा. शांततेची भीती बोलणाऱ्याला वाटते. ऐकणाऱ्याला ती हवी असते.

वेळेबद्दल एकच सांगतो. ‘शेवटचा मुद्दा’ हे शब्द एकदाच उच्चारायचे.

ऐन वेळी अडलं तर

मध्येच सगळं विसरलं तर माफी मागत बसू नका. शास्त्रभाग पुन्हा मोठ्याने, सावकाश वाचा. दहापैकी नऊ वेळा पुढचा मुद्दा त्या वचनातच सापडतो, कारण तो तिथूनच घेतलेला असतो. टिपण मोबाइलवर ठेवू नका. स्क्रीन काळी पडते आणि बोट फिरवताना नजर खाली जाते. अर्ध्या कागदावर मोठ्या अक्षरात पाच-सहा ओळी पुरतात. माइक शिट्टी मारू लागला तर बंद करा, चाळीस जणांना आवाज पोचतो. लाइट गेली तर ओरडू नका, दोन पावलं पुढे येऊन बोला. पत्र्यावर जूनचा पहिला पाऊस कोसळू लागला तर थांबा आणि सगळ्यांनी मिळून आभाराची प्रार्थना करा. त्या दिवशी तोच संदेश.

आणि समोर फक्त सहा जण असले तर? १८६५ साली अमेरिकेतली यादवी संपल्यावर दक्षिण कॅरोलिनातली बॅप्टिस्ट सेमिनरी पुन्हा उघडली तेव्हा सगळे मिळून सात विद्यार्थी होते. जॉन ब्रॉडस यांच्या उपदेशशास्त्राच्या वर्गात एकच, आणि तोही अंध. ब्रॉडस यांनी त्या एकासाठी सगळी व्याख्यानं नीट तयार केली. १८७० साली त्यातूनच त्यांचं उपदेशशास्त्राचं पुस्तक निघालं आणि पुढे कित्येक पिढ्या ते सेमिनऱ्यांत शिकवलं गेलं. सहा जण असले तर सहा जणांसाठी पूर्ण तयारीने बोला.

संदेश झाल्यावर

बाहेर येऊन “कसं झालं?” विचारत फिरू नका. सगळे “छान” म्हणणार. बिरुयातल्या लोकांनी पौलाचं बोलणं ऐकून घेतलं आणि मग तसंच आहे का म्हणून रोज शास्त्र तपासलं. प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांचं कौतुकच केलेलं आहे. तेव्हा तुमचं बोलणं कुणी तपासलं तर राग धरू नका. दुपारी पहिल्या वर्षाच्या एखाद्या मुलाला आणि मेसच्या मावशींना एवढंच विचारा, “सकाळी काय ऐकलं?” त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, आणि त्याच्या शेजारी तुम्ही आदल्या दिवशी लिहिलेलं ते एक वाक्य. पुढच्या पाळीची तयारी त्या पानापासून सुरू करा.