पावसाळ्यात मित्रांबरोबर गाडीने हिमालयात: पाऊस ओलांडून पलीकडे कसं जायचं

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला पावसाची भीती वाटत नाही, आणि हिमालयात नेमकं तेच अंगाशी येतं. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्याला मुसळधार म्हणतं. आंबोलीत किंवा ताम्हिणीत असला दिवस कुणी लक्षातसुद्धा ठेवत नाही. पण हिमाचलातल्या मंडी-कुल्लूच्या पट्ट्यात तेवढ्या पावसाने महामार्ग दिवसभर बंद पडू शकतो. आपला डोंगर म्हणजे थरावर थर बसलेला काळा कातळ. तरीही माळीण, तळिये आणि इर्शाळवाडीने दरड काय असते ते आपल्याला दाखवलंच. तिकडचा डोंगर तर वयाने कोवळा आहे. कित्येक ठिकाणी रस्ता कातळात नव्हे, तर दगडमातीच्या ढिगात कोरलेला आहे. तिथे घाबरायचं ते पावसाला नाही, डोंगराच्या उताराला.

मग जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच नाही का? जायचं. पण पाऊस बघायला नाही, पाऊस ओलांडून पलीकडे.

आधी नकाशा, मग तारीख

पीर पंजाल रांग मान्सूनचे बरेचसे ढग अडवते. तिच्या उत्तरेला हिमाचलातली लाहौल आणि स्पिती ही खोरी आणि त्याहून पुढे लडाख. हा सगळा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. कुल्लू-मनाली भिजत असतं तेव्हा तिकडे बहुतेक वेळा ऊन, करडे डोंगर आणि पिकाला आलेलं मटार असतं. वाई-पाचगणी सोडून माणदेशात उतरावं तसा हा फरक, फक्त इथे तो एका बोगद्यात होतो. रोहतांगच्या पोटातून जाणारा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरमध्ये खुला झाला. मनालीच्या बाजूने धुक्यात शिरायचं आणि दहा-पंधरा मिनिटांनी लाहौलच्या उजेडात बाहेर पडायचं. बोगद्यासाठी रोहतांग खिंडीचा वेगळा परवाना लागत नाही.

मित्रांबरोबर पहिल्यांदाच पावसाळ्यात जाणार असाल, तर माझं मत स्पष्ट आहे: चंडीगढ, मनाली, लाहौल, स्पिती, आणि त्याच वाटेने परत. सिमला-किन्नौरमार्गे स्पितीत जाणारा रस्ता उंचीच्या दृष्टीने सोपा आहे, कारण चढ हळूहळू येतो. एरवी मी तोच सुचवतो. पण पावसाळ्यात रामपूरच्या पुढे सतलजच्या कड्याकड्याने फार लांबवर दरडींची टांगती तलवार असते. मनालीकडून हा ओला टप्पा एका दिवसात मागे पडतो.

उत्तराखंडचा मोह असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि त्या दिवसांत कावडयात्रेमुळे दिल्ली-हरिद्वार वाट तुडुंब भरलेली असते. फुलांची दरी याच दिवसांत फुलते हे खरं, पण ऋषिकेशहून जोशीमठपर्यंतचा सगळा रस्ता पावसातलाच. तिथे जायचं तर हातात जास्त दिवस ठेवून जा.

मोकळे दिवस आधी मोजा

बहुतेक गट इथेच चुकतात. नऊ दिवसांची सुट्टी, तर नऊ दिवसांची ठिकाणं लिहून काढतात. उलट करा. चंडीगढपासून चंडीगढपर्यंत दहा दिवस धरा आणि त्यातले दोन रिकामे सोडा. तेही शेवटी, मधे नाही. मधे ठेवलेला रिकामा दिवस "एवढं आलोय तर" म्हणत कुणीतरी खाऊन टाकतंच.

पुण्या-मुंबईहून चंडीगढ सोळाशे किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी घरूनच न्यायची तर दोन्ही बाजूंना दोन-दोन दिवस वेगळे. माझा अनुभव असा, की या चार दिवसांनी दमलेला चालक डोंगरात चुका करतो. आगगाडीने किंवा विमानाने चंडीगढ गाठून तिथून चालकासह गाडी घेतली तर काही बिघडत नाही. पहाडी चालकाला कुठल्या वळणावर दगड येतात ते पाठ असतं. परतीचं तिकीट मात्र रद्द करता येईल असंच काढा.

माणसं आणि पैसे

एका गाडीत चार जण. पाचवा आला की सामान टपावर जातं, मागची काच झाकली जाते आणि खड्ड्यात गाडीचा तळ घासतो. स्वतःच चालवणार असाल तर चौघांतल्या किमान दोघांना घाटात चालवण्याची सवय हवी. एक्स्प्रेसवेवरचा शंभरचा वेग इथे कामाचा नाही.

निघण्यापूर्वी एकदा चहाला बसा आणि दोन गोष्टी ठरवा. पहिली: चौघांपैकी एकानेही "इथून मागे फिरूया" म्हटलं तर वाद नाही, चेष्टा नाही, गाडी वळवायची. हे घरी ठरलेलं नसेल तर डोंगरात कुणी तोंड उघडत नाही, कारण भित्रा कोण ठरणार? दुसरी: खर्चासाठी सगळ्यांनी सारखे पैसे आधीच एकाकडे जमा करायचे आणि त्यात अडकलेल्या दोन दिवसांचं राहणं-जेवणही धरायचं. टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) मैदानात ठीक आहे. स्पितीत नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं आणि काझा या स्पितीतल्या मुख्य गावातल्या एटीएमवर भरवसा ठेवून चालत नाही. रोख न्या, सुटे न्या.

गाडी

मोठी फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली) गाडी नसली तरी चालते, पण गाडीचा तळ जमिनीपासून चांगला उंच हवा. निघण्याआधी ब्रेकचे पॅड, टायरची नक्षी, वायपरचं रबर आणि स्टेपनीतली हवा बघून घ्या. बरोबर पंक्चरचं साहित्य, हवा भरायचा पंप, ओढायचा दोर आणि टॉर्च असावा. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स हे सगळं मोबाईलमध्ये असलं तरी कागदावरही ठेवा. पेट्रोलचं गणित सोपं आहे. मनालीत टाकी भरा, लाहौलचं मुख्य गाव केलाँग, त्याच्या अलीकडे तांदीला पंप आहे तिथे पुन्हा भरा, मग थेट काझा.

उतारावर एकच नियम: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून उतरलात तर तो तापतो आणि ऐन वेळी पकडत नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही, कायदा आहे.

ओला टप्पा: चंडीगढ ते मनाली

या एका दिवसावर सगळी सहल अवलंबून आहे. आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघा. मंडी किंवा कुल्लूवर लाल असेल तर निघू नका. नारिंगी असेल तर मी स्वतः एक दिवस थांबतो. २०२३ च्या ९ आणि १० जुलैला याच पट्ट्यात बियास नदीने महामार्गाचे लचके तोडले होते.

सगळं ठीक असेल तर पहाटे चारला निघा. मंडी, पंडोह, औट हा खिंडीतला भाग सकाळच्या उजेडात पार पडायला हवा. महामार्ग बंद असेल तेव्हा छोट्या गाड्या कधीकधी मंडीहून कटौलामार्गे बजौऱ्याकडे सोडतात. पण तो रस्ता चालू आहे का हे पोलिसांना विचारूनच शिरा, गूगलला नाही. नकाशावरची निळी रेघ दरड कोसळल्यावरही बराच वेळ निळीच राहते. जिल्हा आपत्ती केंद्राचा क्रमांक १०७७, आणीबाणीसाठी ११२. लाहौल-स्पितीचे पोलीस रस्त्यांची स्थिती समाजमाध्यमांवर टाकत असतात, ती रोज सकाळी बघायची सवय लावून घ्या.

दरडीच्या पट्ट्यात फोटोसाठी थांबू नका. रस्त्यावर ताजे खडे दिसले, वरून बारीक माती ओघळताना दिसली, तर वर बघा आणि तसेच मागे सरका. आणि एक खूण फार कमी जणांना माहीत असते. पाऊस चालू असताना एखाद्या ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं, तर ते शुभ समजू नका. वर कुठेतरी दरडीने प्रवाह अडलेला असू शकतो आणि तो बांध फुटला की सगळं एकदम खाली येतं. अशा ओढ्याच्या आसपास थांबायचं नाही.

बोगद्यापलीकडे: आता घाई नको

मनाली साधारण २,०५० मीटरवर. दुसऱ्या दिवशी तासा-दोन तासांत बोगद्यापलीकडे सिस्सू किंवा केलाँग, म्हणजे एकदम ३,१०० मीटरच्या आसपास. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आपण झोपायला निघालोय, हे शरीराला कळायला वेळ लागतो.

म्हणून लाहौलमध्ये दोन रात्री काढा. मनालीहून निघून त्याच दिवशी ४,५५० मीटरची कुंझुम खिंड ओलांडून काझा गाठणारे गट मी पाहिलेत. त्या रात्री त्यांच्यातला एक तरी डोकं धरून बसलेला असतो. सर्वसाधारण नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात. असं झालं तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं किंवा चालताना तोल जायला लागला, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरवण्याची व्यवस्था करा आणि दवाखाना गाठा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून, विशेषतः सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर. पहिले काही दिवस दारू बंद. यावर गटात कुरबुर होते, होऊ द्या.

या मधल्या दिवशी तांदीचा संगम बघा. चंद्रा आणि भागा तिथे मिळतात आणि पुढे चिनाब होते.

नाले ओलांडताना

केलाँगहून कोकसरला मागे येऊन ग्राम्फूला स्पितीचा फाटा विचारून घ्या. तिथून छतडू, बातल आणि कुंझुम. हा रस्ता म्हणजे बराचसा दगडांचा पाट. हिमनद्यांचं पाणी ठिकठिकाणी रस्त्यावरूनच वाहतं. गंमत अशी, की इथे ऊन हे संकट आहे. दिवसभर बर्फ वितळतं आणि दुपारनंतर नाले फुगतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी चार वाजता बोनेटला लागू शकतं. म्हणून पहाटे निघा आणि मोठे नाले दुपारच्या आत मागे टाका.

नाल्यापाशी आलात की उतरा आणि पुढची गाडी कुठून, कशी जाते ते बघा. ती पूर्ण पार झाल्याशिवाय आपली पाण्यात घालू नका. पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मधे गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनाने पाणी ओढलेलं असेल तर त्या एका झटक्यात कामच संपतं. दोर लावून ओढून काढा. आणि तळ दिसत नसेल, पाण्याबरोबर दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर थांबा. उद्या सकाळी पाणी उतरतं. आम्ही एकदा असेच एका ढाब्यात राजमा-चावल खाऊन, बरोबर आणलेल्या मेतकुटावर रात्र काढली. सकाळी तोच नाला बूट न भिजवता पार केला, आणि आदल्या दिवशी आम्ही थांबलो म्हणून चिडलेला मित्र सगळ्यांत पुढे होता.

कुंझुमवर देवीच्या मंदिराला गाडीसकट प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे. घाला, आणि पुढे उतरा. वर उगाच रेंगाळू नका.

चंद्रताल सरोवर जाताना टाळा. ते साधारण ४,२५० मीटरवर आहे आणि शरीर अजून तयार नसतं. शिवाय तिथे अडकलं की बाहेर पडायला एकच वाट. २०२३ च्या जुलैत जवळपास ३०० पर्यटक तिथे बर्फामुळे अडकले होते. परतताना, हवा स्वच्छ असेल तरच एक रात्र ठेवा.

काझा आणि परत

काझात तीन-चार रात्री एकाच ठिकाणी मुक्काम करा आणि रोज एकेका बाजूला जाऊन या. कीचा मठ, हिक्कीम-कोमिक, एक दिवस धनकर आणि ९९६ साली उभारलेला ताबोचा मठ. ताबोची भित्तिचित्रं मातीच्या भिंतींवर हजार वर्षं टिकली, कारण इथे पाऊस जेमतेम पडतो. अलीकडे या भागातही अवकाळी सरी येतात, तेव्हा उघड्या उताराखाली गाडी लावू नका.

परतीला निघण्याआधी पुन्हा मंडी-कुल्लूचा इशारा बघा. रस्ता बंद असेल तर मनालीत उतरून गर्दीत अडकण्यापेक्षा ते दोन रिकामे दिवस लाहौलमध्येच काढा. बोगद्याच्या या बाजूला ऊन असतं, आणि खाली रस्ता सुटायची वाट बघणाऱ्या मटारच्या गाड्यांचे चालक तुम्हाला कुठल्याही ॲपच्या आधी सांगतात, की पंडोह मोकळं झालं.