जुन्या अडॅप्टरच्या वायरीने उपकरणं थेट बॅटरी बँकेवर कशी चालवावीत

अडगळीतल्या जुन्या अडॅप्टरमध्ये बॅटरीसाठी उपयोगाच्या गोष्टी दोनच: पिन असलेली वायर आणि डबीवरचं लेबल. डबी प्लगमधल्या एसीचा (सतत दिशा बदलणारी वीज) डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करते, आणि बॅटरीत डीसी आधीच आहे. इन्व्हर्टरने आधी एसी करून अडॅप्टरने पुन्हा ९ व्होल्टवर उतरायचं म्हटलं, तर दोन्हीकडे वीज वाया जाते. राउटरसारख्या छोट्या लोडवर कित्येकदा राउटरपेक्षा इन्व्हर्टरच जास्त खातो.

डबी मात्र फोडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

लेबल वाचा

आउटपुटची ओळ पाहा. व्होल्टसमोर सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. नागमोडी खूण असेल तर आउटपुटही एसी आहे. ते उपकरण या कामातून वगळा. शेजारच्या गोल चिन्हात मधल्या ठिपक्याकडे + असेल तर पिनचा आतला भाग धन. काही उपकरणांत हे उलट असतं. अँपिअरचा आकडा ही कमाल मर्यादा समजा, उपकरण एरवी त्याहून कमीच ओढतं.

जुने, हाताला जड लागणारे ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर फसवतात. लेबलवर ९ व्होल्ट असलं तरी उपकरण न जोडता मोजलं तर मल्टिमीटर १२-१३ दाखवतो. त्या उपकरणाला लेबलवरचे ९ व्होल्टच द्या, मीटरवरचा आकडा नव्हे.

१२ व्होल्टची बॅटरी १२ वर थांबत नाही

बहुतेक उपकरणं इथे जळतात. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत चढते, पूर्ण भरून विसावली की १२.७ च्या आसपास असते आणि लोडखाली १०.५ पर्यंत उतरू शकते. म्हणून मधे डीसी-डीसी मॉड्यूल हवं, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट उपकरणाला हव्या त्या ठरावीक व्होल्टवर आणणारं छोटं सर्किट:

- ५ किंवा ९ व्होल्टचं उपकरण: बक मॉड्यूल (व्होल्ट उतरवणारं), उदाहरणार्थ एलएम२५९६ चिपचं. ३ अँपिअर लिहिलेलं असलं तरी हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) २ च्या वर नेऊ नका.
- १२ व्होल्टचं उपकरण: बक-बूस्ट मॉड्यूल (गरजेप्रमाणे उतरवणारं किंवा चढवणारं). इथे नुसतं बक चालत नाही. त्याला इनपुट आउटपुटपेक्षा दीड-दोन व्होल्ट जास्त लागतं, त्यामुळे बॅटरी १३ वर आली की आउटपुट १२ च्या खाली घसरतं.
- १९ व्होल्टचा लॅपटॉप: बूस्ट मॉड्यूल (व्होल्ट चढवणारं).

१२ व्होल्टचा राउटर थेट बॅटरीला जोडण्याचा मोह होतो, आणि आत स्वतःचा कन्व्हर्टर असल्याने बरेच राउटर ते सोसतात. तरी आधी राउटर उघडून इनपुटच्या कपॅसिटरवर लिहिलेली व्होल्टची मर्यादा पाहा. ती २५ असेल तर एक अडचण कमी, १६ असेल तर १४.४ ला फारसा वाव उरत नाही. ३.५ इंची हार्डडिस्क बसवलेल्या बाहेरच्या खोक्याला थेट जोडणी कधीच नको. तिथे १२ व्होल्ट सरळ मोटरच्या सर्किटकडे जातात.

बँक २४ व्होल्टची, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेली, असेल तर दोनांपैकी एकाच बॅटरीवरून १२ घेऊ नका. ती बॅटरी सतत कमी भरलेली राहते आणि दुसरी जास्त चार्ज होते. पूर्ण २४ वरून बक लावा. मग १२ व्होल्टच्या उपकरणालाही साधं बक पुरतं.

जोडणी

१. अडॅप्टर प्लगमधून काढा आणि वायर डबीलगत कापा, म्हणजे लांबी पुरेपूर मिळते. वायरीवर फेराइटची गाठ (विजेतला गोंगाट अडवणारा जाड गोळा) असेल तर ती राहू द्या.

२. मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणारी सेटिंग) ठेवून पिनचा आतला भाग कोणत्या तारेला जातो ते शोधा. पांढऱ्या रेघेची तार धन असते यावर विसंबू नका. गोल केबलमध्ये तारांची बाहेरची जाळी बहुधा पिनच्या बाहेरच्या भागाला असते, पण तेही तपासा.

३. मॉड्यूलला बॅटरी जोडा आणि उपकरण न लावता आउटपुट मोजा. मॉड्यूलवरच्या पोटेन्शिओमीटरचा (आउटपुट कमी-जास्त करणारा भाग) स्क्रू फिरवून व्होल्ट लावा. सुरुवातीला दहाएक फेरे काहीच बदललं नाही तर मॉड्यूल बिघडलंय असं समजू नका, फिरवत राहा. आकडा जुळला की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका.

४. बॅटरी सोडवून वायर सोल्डर करा. हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) आधी सरकवून ठेवा.

५. बॅटरीच्या धन टोकापासून १५-२० सेंटीमीटरच्या आत फ्यूज बसवा, कमाल करंटच्या सव्वा ते दीडपट. फ्यूज मॉड्यूलजवळ लावला तर मधली वायर शॉर्ट झाल्यावर तिला वाचवणारं काही उरत नाही, आणि बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देऊ शकते.

६. पिनवर व्होल्ट आणि ध्रुव पुन्हा मोजा, मगच उपकरण लावा.

पिनचा बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर असला तरी आतलं भोक २.१ किंवा २.५ असतं. २.१ च्या सॉकेटमध्ये २.५ ची पिन बसते, पण संपर्क सैल राहतो आणि राउटर अधूनमधून रीस्टार्ट होतो. मग दोष बॅटरीत शोधत बसायची पाळी येते.

लॅपटॉपचा हिशेब वेगळा

६५ वॅटचा लॅपटॉप बूस्टमधून चालताना १२ व्होल्टच्या बाजूला सुमारे ६ अँपिअर ओढतो. बॅटरी उतरत जाते तसा हा आकडा वाढतो, कारण वॅट तेवढेच लागतात. बॅटरीपासून मॉड्यूल ३ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर तांबं होतं: १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.६ व्होल्ट जातात, २.५ च्या वायरीत ०.२५. म्हणून मॉड्यूल बॅटरीजवळ ठेवा आणि लांब वायर १९ व्होल्टच्या बाजूला घ्या. फ्यूज १० अँपिअरचा.

डेल आणि एचपीच्या अनेक पिनांत मधे एक बारीक सुई असते. तिच्यातून लॅपटॉप अडॅप्टर ओळखतो. ती तार मोकळी राहिली तर लॅपटॉप चालतो, पण त्याची बॅटरी सहसा चार्ज होत नाही.

किती वेळ चालेल

१२ व्होल्ट ७ अँपिअर-तास म्हणजे ८४ वॅट-तास. लेड-ॲसिड निम्मीच वापरावी, म्हणजे हाती ४२. राउटर ९ व्होल्टवर ०.६ अँपिअर घेत असेल तर ५.४ वॅट, मॉड्यूलची तूट धरून ६.४. साधारण साडेसहा तास.

मॉड्यूलच्या बॅटरीकडच्या बाजूला स्विच हवाच. उपकरण काढलं तरी मॉड्यूल आणि त्यावरचा दिवा मिळून १० मिलिअँपिअर घेत असतील, तर महिन्याभरात ७ अँपिअर-तास संपतात, आणि पूर्ण उतरून पडून राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी बहुधा पुन्हा नीट भरत नाही.