आयल ऑफ वाइटवर घर करायचे असेल तर

नोकरीच्या पत्रावर ‘न्यूपोर्ट, आयल ऑफ वाइट’ असा पत्ता दिसला की घाईत दोन चुका हमखास होतात. एक तर नकाशात न्यूपोर्ट शोधताना बोट वेल्समधल्या त्याच नावाच्या मोठ्या शहरावर जाऊन थांबते. नाही तर नावातल्या ‘आयल’ शब्दामुळे हे बेट म्हणजे आयल ऑफ मॅन, असा समज करून घेतला जातो. आयल ऑफ वाइट हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतचे, पूर्व-पश्चिम सुमारे 36 किलोमीटर पसरलेले बेट आहे. 2021 च्या जनगणनेनुसार तेथे सुमारे 1,40,000 लोक राहतात. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये सोलेंट ही अरुंद सामुद्रधुनी आहे आणि तिच्यावर पूल नाही, खालून बोगदाही नाही. येथे मुक्काम हलवणाऱ्याने सर्वांत आधी हीच गोष्ट मनात पक्की धरावी आणि घर शोधण्यापूर्वी आपली बोट कोणती, हे ठरवावे.

कायद्याच्या बाबतीत मात्र काळजीचे कारण नाही. आयल ऑफ मॅन, जर्सी आणि ग्वेर्नसी ही युनायटेड किंगडमच्या बाहेरची, स्वतःचे कायदेमंडळ आणि स्वतःची करव्यवस्था असलेली बेटे आहेत. आयल ऑफ वाइट तसे नाही. ते इंग्लंडचाच एक परगणा असल्यामुळे व्हिसा, आयकर, चलन आणि सार्वजनिक आरोग्यसेवा या बाबतींत लंडन किंवा लेस्टरमध्ये जे लागू असते तेच येथेही लागू होते आणि बोटीतून उतरताना कोणी पारपत्र मागत नाही. कारभाराच्या दृष्टीने हे बेट बराच काळ हॅम्पशायरमध्ये गणले जात असे. 1890 मध्ये त्याला स्वतंत्र परगणा परिषद मिळाली आणि 1995 पासून संपूर्ण बेटाचा कारभार एकाच परिषदेकडे आहे. कौन्सिल टॅक्स म्हणजे घरावरचा स्थानिक कर, शाळाप्रवेश, कचरा, गाडी लावण्याचा परवाना या सर्वांसाठी त्यामुळे एकच दार ठोठवावे लागते. 1885 पासून बेटाचा एकच खासदार असे. 2024 च्या निवडणुकीपासून पूर्व आणि पश्चिम असे दोन मतदारसंघ झाले आहेत. भारतीय पारपत्रधारकांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून, तेथे राहण्याची वैध परवानगी असल्यास, मतदारयादीत नाव नोंदवता येते; हे काम पहिल्याच महिन्यात उरकून घ्यावे.

आता बोटींविषयी. गाडीसह जायचे असल्यास तीन मार्ग आहेत: पोर्ट्समथहून फिशबोर्न, साउदॅम्प्टनहून ईस्ट काउज आणि लिमिंग्टनहून यारमथ. पहिल्या आणि तिसऱ्या मार्गाला पाऊण तासाच्या आसपास, तर दुसऱ्याला सुमारे एक तास लागतो. पायी प्रवाशांसाठी पोर्ट्समथ हार्बरहून राइडला जाणारी जलद बोट साधारण 22 मिनिटे घेते, साउदॅम्प्टनहून वेस्ट काउजला जाणारी अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते आणि साउथसीहून राइडला जाणारे हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या गादीवर पाण्यावरून सरकणारे वाहन, अवघ्या 10 मिनिटांत पलीकडे नेते. पोर्ट्समथ हार्बरचे रेल्वेस्थानक धक्क्याला लागूनच असल्यामुळे लंडनच्या वॉटर्लूहून आलेल्या माणसाला गाडीतून उतरून थेट बोटीकडे चालत जाता येते, शिवाय रेल्वे आणि बोट यांचे एकत्र तिकीटही काढता येते. साउदॅम्प्टनला मात्र स्थानक आणि बोटीचा धक्का यांत अंतर असल्याने मध्ये बस धरावी लागते. सामान आणि लहान मुले बरोबर असतील तर हा फरक छोटा नाही.

या सेवा खासगी कंपन्या चालवतात आणि गाडीसह प्रवासाचे भाडे विमानाच्या तिकिटाप्रमाणे मागणीनुसार वरखाली होते. शाळांच्या सुट्ट्या, जूनमधला संगीत महोत्सव आणि उन्हाळ्यातली काउजची शिडांच्या होड्यांची शर्यत, जी 1826 पासून चालत आली आहे, या दिवसांत भाडे चढते आणि जागाही मिळत नाही. सामान हलवण्याची तारीख त्यामुळे या आठवड्यांबाहेरची निवडावी, आणि रहिवाशांसाठीच्या सवलतीच्या योजना पत्ता बदलताच मागून घ्याव्यात. जोराचा वारा सुटला की हॉवरक्राफ्ट बंद राहते. रोज पलीकडे नोकरीला जाण्याचा बेत असणाऱ्याने दुसरा मार्ग नेहमी हाताशी ठेवावा.

गाव निवडताना हाच हिशेब पुढे न्यावा. पोर्ट्समथ किंवा लंडनशी संबंध ठेवायचा असेल तर राइड सोयीचे आहे. तेथला 1814 मध्ये खुला झालेला धक्का सुमारे 680 मीटर लांब आहे, कारण ओहोटीला येथे पाणी फार दूर जाते आणि बोट किनाऱ्याला लागू शकत नाही. फळ्यांच्या फटींतून खाली ओली वाळू दिसते, शेजारून मोटारी त्याच फळ्यांवर खडखडत जातात, आणि धक्क्याच्या टोकापासून शँकलिनपर्यंत छोटी रेल्वे धावते, जिचे डबे पूर्वी लंडनच्या भुयारी रेल्वेत होते. सँडाउन आणि शँकलिन ही त्याच रेल्वेवरची पुळणीची गावे आहेत; उन्हाळ्यात ती गजबजतात आणि हिवाळ्यात तेथली निम्मी रया जाते. बेटाच्या मधोमध असलेले न्यूपोर्ट दिसायला सामान्य आहे, पण रुग्णालय, परिषदेचे कार्यालय, मोठी दुकाने आणि चारही दिशांच्या बस तेथेच असल्यामुळे गाडी नसलेल्या कुटुंबाने, माझ्या मते, पहिले वर्ष तेथेच काढावे.

काउजच्या बाबतीत एक सूचना आवश्यक आहे. मेदिना नदीच्या पश्चिम तीरावर काउज (यालाच वेस्ट काउजही म्हणतात) आणि पूर्व तीरावर ईस्ट काउज अशी ही दोन गावे आहेत. साउदॅम्प्टनची जलद बोट एका तीरावर लागते आणि गाड्यांची बोट दुसऱ्या. त्यांच्यामध्ये साखळ्यांवर ओढली जाणारी, ‘तरंगता पूल’ म्हणून ओळखली जाणारी फेरीबोट चालते, आणि ती बिघडली की समोर दिसणाऱ्या गावाला जाण्यासाठी न्यूपोर्टचा वळसा पडतो. घर एका तीरावर आणि मुलांची शाळा दुसऱ्या तीरावर, असे शक्यतो करू नये.

दक्षिणेचे व्हेंटनर अनेकांना पाहताक्षणी आवडते. टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बसलेली घरे, समोर मोकळा समुद्र, आणि उत्तरेचे वारे अडवणाऱ्या डोंगरामुळे लाभलेली उबदार हवा. याच हवेसाठी एकोणिसाव्या शतकात क्षयरोग्यांचे मोठे रुग्णालय तेथे उभारले गेले, ज्याच्या जागेवर आज वनस्पतिउद्यान आहे. कार्ल मार्क्सही 1882 मध्ये प्रकृतीसाठी तेथे येऊन राहिला होता. परंतु हा सर्व किनारपट्टा एका प्राचीन भूस्खलनावर वसलेला आहे आणि जमीन अजूनही सरकते. 2014 मध्ये नायटन आणि सेंट लॉरेन्स यांमधला रस्ता खचून थेट वाहतूक थांबली, आणि डिसेंबर 2023 मध्ये बाँचर्चजवळ कडा घसरल्यामुळे लोकांना घरे सोडावी लागली. तेथे घर विकत घेण्यापूर्वी भूस्थिरतेचा नकाशा पाहावा, जमिनीची जाण असलेल्या सर्व्हेयरकडून पाहणी करून घ्यावी, आणि विमा कंपनीचा लेखी होकार येईपर्यंत एक पेनीही पुढे सरकवू नये. भिंतीतली तिरकी भेग, न बसणारे दार आणि ताज्या रंगाचा एकच पट्टा, या तीन गोष्टी घर पाहताना स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतात.

न्यूपोर्टच्या सेंट मेरीज रुग्णालयात अपघात विभाग आहे, पण किरणोपचारासारख्या उपचारांसाठी सोलेंट ओलांडून पोर्ट्समथ किंवा साउदॅम्प्टनला जावे लागते. घरात वृद्ध आईवडील किंवा दीर्घ आजाराचा रुग्ण असेल तर कोणता उपचार कोठे होतो, हे आधी विचारून घ्यावे आणि रुग्णांना बोटभाड्यात मिळणाऱ्या सवलतीचीही चौकशी करावी. बेटावर दर दहा जणांत जवळपास तीन जण 65 वर्षांवरील आहेत. परिचारिका आणि शुश्रूषा करणारे यांना मागणी असण्याचे कारण हेच आहे.

टपालाचे पिनकोड पोर्ट्समथच्याच मालिकेतले, पीओ 30 ते पीओ 41 असे आहेत. तरीही काही कुरिअर बेटासाठी जादा आकार लावतात, म्हणून फर्निचर मागवताना अंतिम रक्कम पिनकोड टाकूनच पाहावी. डाळी, पोहे, मसाले यांची मोठी खरेदी साउदॅम्प्टनच्या एखाद्या फेरीत उरकणे स्वस्त पडते.

सामान लागल्यावर एक दिवस ईस्ट काउजजवळच्या ऑस्बोर्न वाड्यासाठी राखून ठेवावा. व्हिक्टोरिया राणीने ही मालमत्ता 1845 मध्ये घेतली आणि 22 जानेवारी 1901 रोजी तिचा मृत्यूही येथेच झाला. तेथला ‘दरबार’ दिवाणखाना पंजाबातले कारागीर भाई राम सिंग यांनी जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या देखरेखीखाली 1890 च्या सुमारास घडवला. शेकोटीवरचा पिसारा फुलवलेला मोर बराच वेळ पाहत उभे राहावे असा आहे. किपलिंग पूर्वी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत असत, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पे त्यांचीच आहेत. शेजारच्या दालनात राणीने काढवून घेतलेली साध्या हिंदी माणसांची चित्रे टांगलेली आहेत.

निर्णय घेण्यापूर्वी जानेवारीत चार दिवस तेथे राहून पाहावे, आणि त्यातल्या एका सकाळी कामावर जायच्या वेळेची बोट प्रत्यक्ष धरून पाहावी. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्याला तेथले लोक ‘ओव्हरनर’ म्हणतात. बेटावर जन्मलेल्यांचे ‘कॉकहेड’ हे नाव मात्र कितीही वर्षे राहून मिळत नाही, ते फार तर तुमच्या मुलांना मिळेल.